क्लच पेडल खाली राहतंय म्हणजे प्लेट गेली असं नाही

प्रश्न: गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेत, क्लच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) आहे. सकाळी पहिला गिअर जड पडतो, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो. पेडल दोन-तीनदा मारलं की गिअर नीट पडतात. मागच्या महिन्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात ट्रॅफिक तुंबलं होतं, तिथे पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बुटाच्या टोकाने उचलावं लागलं. गाडी अर्धा तास बाजूला लावल्यावर सगळं पूर्ववत. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून सांगितलं, ‘प्लेट गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल.’ पिकअप चांगला आहे, जळका वास नाही. खरंच प्लेट गेली असेल का?

उत्तर: तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून प्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी घर्षणाची चकती, गेली असण्याची शक्यता फार कमी वाटते. वरचा सिलेंडर, खालचा सिलेंडर आणि त्यांच्यातलं तेल, दोष बहुधा या तिघांतच कुठेतरी आहे. गिअरबॉक्स उतरवायला आज हो म्हणू नका. आधी खाली सांगतोय ते तपासून घ्या. यातलं निम्मं तुम्ही स्वतः पार्किंगमध्ये करू शकता.

क्लचच्या तक्रारी शेवटी दोनच जातीच्या असतात. एक, क्लच पकडत नाही. दोन, क्लच सोडत नाही. पकडत नाही म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर वास येतो, अ‍ॅव्हरेज पडतो. सोडत नाही म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत, गिअर अडकतो, रिव्हर्स किंचाळतो, सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये उभी असताना गाडी पुढे सरकू बघते. प्लेट झिजली की पकड जाते. झिजलेली प्लेट सोडायला उलट सोपी असते, कारण ती पातळ झालेली असते. तुमची तक्रार सरळ सरळ ‘सोडत नाही’ या जातीची आहे, आणि पकडीबद्दल तुम्ही स्वतःच ‘पिकअप चांगला’ म्हणता. मग झिजलेल्या प्लेटचा इथे संबंध येतो कुठे? प्लेटची अस्तरं सुटून तुकडा अडकला, मधली डॅम्पर स्प्रिंग निघाली किंवा प्लेट वाकडी झाली, तर सोडण्याचा त्रास प्लेटमुळेही होतो. पण असा दोष पेडल पंप केल्याने बरा होत नाही आणि गाडी थंड झाल्यावर पळूनही जात नाही.

पेडल दाबलं की काय होतं ते दोन ओळीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पेडलच्या मागे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यावर) वरचा सिलेंडर, म्हणजे मास्टर. तो तेल ढकलतो, तेल पाइपातून गिअरबॉक्सपाशी असलेल्या खालच्या सिलेंडरमध्ये जातं, त्याचा रॉड फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) फिंगर्सना, म्हणजे स्प्रिंगच्या पात्यांना. फिंगर्स आत दबल्या की प्लेट मोकळी होते. या सगळ्या साखळीत प्रेशर प्लेटला मोकळं करायला लागणारी हालचाल अगदी थोडी असते. त्यामुळे मध्ये कुठेही थोडं तेल निसटलं किंवा हवेचा एक बुडबुडा शिरला, तरी शेवटी जेवढी हालचाल पोचायला हवी तेवढी पोचत नाही. हवा दबते, तेल दबत नाही, सगळा खेळ एवढाच.

तपासणी सुरू करा ती मॅटपासून. हसू नका. हल्ली जाड, चामड्यासारखे दिसणारे थरांचे मॅट टाकायची पद्धत आहे. त्यावर पुन्हा रबरी मॅट. पेडल तळाला टेकण्याआधी मॅटला टेकतं आणि शेवटचे दोन-अडीच सेंटीमीटर वाया जातात. त्या शेवटच्या भागातच क्लच पूर्ण सुटतो. ज्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, त्या याच कारणाने कधी कधी चालूही होत नाहीत आणि मालक बॅटरी बदलून बसतो. ड्रायव्हरच्या बाजूचे सगळे मॅट काढून दोन दिवस गाडी चालवा. फरक पडला तर खर्च शून्य.

मॅट निर्दोष निघाला तर बॉनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत क्लचचं आणि ब्रेकचं तेल एकाच डब्यातून जातं. डब्याला क्लचची नळी जरा वर जोडलेली असते, ब्रेकची खाली. मुद्दाम तशी ठेवतात, म्हणजे क्लचकडून तेल गळालं तरी ब्रेकपुरतं तेल शिल्लक राहावं. म्हणून पातळी खाली गेली की पहिला फटका क्लचला बसतो आणि ब्रेक मात्र ठणठणीत लागतात. पातळी किमान रेषेच्या खाली असेल तर नुसतं ओतून मोकळं होऊ नका. ब्रेक पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, ते नैसर्गिक आहे. पण पॅड चांगले असताना पातळी उतरत असेल तर तेल कुठेतरी जातंय. क्लचचं उलट असतं, ही गंमत फार जणांना माहीत नसते: प्लेट झिजत जाते तसा खालच्या सिलेंडरचा पिस्टन मागे सरकतो आणि तेल वर ढकललं जातं. क्लचचा डबा वेगळा असेल तर प्लेटच्या झिजेमुळे त्याची पातळी वाढते, कमी होत नाही. म्हणजे वेगळ्या डब्यात तेल कमी झालं तर ते शंभर टक्के गळतीचं.

तेलाचा रंग बघा. नवं तेल फिकट मधासारखं दिसतं. काळं, गढूळ, तळाला गाळ असेल तर सिलेंडरच्या आतले रबर झिजून तेलात मिसळलेत असं समजा. तुमच्या गाडीचं तेल ८२ हजारांत एकदाही बदललेलं नसेल अशी मला दाट शंका आहे. सर्व्हिस बिलात ब्रेक ऑइल (क्लचमध्येही तेच असतं) ‘टॉप-अप’ असतं, ‘बदललं’ क्वचित असतं.

आता गळती शोधायची. मोबाइलचा टॉर्च घेऊन ड्रायव्हर सीटपाशी वाकून बसा आणि पेडलच्या वर जिथे मास्टरचा रॉड फायरवॉलमध्ये शिरतो तिथे बोट फिरवा. बोट ओलं, चिकट आलं, किंवा पेडलच्या दांड्यावर ओघळ दिसला, तर मास्टरचा मागचा सील गेला. कार्पेटवर डाग असेल तर तो पाण्याचा नाही. पुढे गिअरबॉक्सपाशी खालचा सिलेंडर शोधा. त्याच्या टोकाला रबरी टोपी असते, तिची कड हलकेच उचला. आत किंचित ओलसरपणा चालतो, तेल ठिबकलं तर सिलेंडर गेला. हात लावल्यावर ते हात रंगाला लावू नका. ब्रेक ऑइल रंग उचलतं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

बाहेर सगळं कोरडं असलं म्हणून हायड्रॉलिक निर्दोष ठरत नाही. मास्टरच्या आत पिस्टनवर जो सील असतो तो झिजला की तेल पिस्टनला बगल देऊन डब्यात परत जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, पातळी कमी होत नाही, पण पेडल दाबून धरलं की हळूहळू बसत जातं. हे पकडायला एक साधी परीक्षा आहे. सपाट, मोकळी जागा, समोर किमान दोन गाड्यांइतकं अंतर. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर टाकलेला, ब्रेकवर हलका पाय. तसंच मिनिटभर थांबा, पेडल सोडू नका, पंप करू नका. तीस-चाळीस सेकंदांनी गाडी ब्रेकवर ओढ द्यायला लागली, इंजिनचा आवाज दबला, तर मास्टर आतून सोडतोय. सिग्नलला लांब उभं राहिल्यावर ‘गाडी आपोआप सरकते’ अशी जी तक्रार येते ती हीच.

रिव्हर्सची परीक्षा याहून सोपी. गाडी न्यूट्रलवर, इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबा, मनात चार मोजा आणि मग रिव्हर्स टाका. पुढच्या गिअरांना सिंक्रोनायझर (गिअरांचा वेग जुळवून घेणाऱ्या कड्या) असतात, ते क्लचचा अर्धवटपणा बराच लपवतात. रिव्हर्सला बहुतेक गाड्यांत ते नसतात, म्हणून चुगली पहिली तोच करतो. चार सेकंद थांबूनही कर्रर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही. आता इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर दोष क्लचच्या सुटण्यात. बंद इंजिनवरही जड पडत असतील तर क्लचला सोडा, गिअर लीव्हरची केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्सकडे बघा. ही परीक्षा न करताच क्लच सेट बदललेल्या गाड्या माझ्याकडे येत असतात, गिअर तसेच जड.

आणि पंप करून बघण्याचं तर तुम्ही आधीच करून बसलाय. पहिल्या दाबाला पेडल खाली, तिसऱ्या दाबाला वर आणि घट्ट. लोखंडी भाग पंप केल्याने दुरुस्त होत नाहीत. पंप केल्याने बदलते ती फक्त पाइपातल्या तेलाची मात्रा. म्हणजे एक तर पाइपात हवा आहे किंवा मास्टरचा सील तेल परत सोडतोय.

सकाळीच का? रात्रभर गाडी उभी असते. खालच्या सिलेंडरचा जुना सील पेडल सोडताना बाहेरून सूक्ष्म हवा ओढू शकतो. तेल बाहेर येतंच असं नाही, हवा मात्र आत जाते. ती हवा रात्रभरात एकत्र येऊन वरच्या बाजूला बसते. सकाळी पहिला दाब त्या हवेला दाबण्यात जातो.

घाटातली गोष्ट यापुढची पायरी आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. नवं डॉट ४ तेल २३० अंशांपर्यंत उकळायला नको, असा मानकाचा नियम. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी हाफ क्लचवर इंच-इंच सरकवली की घर्षणाची उष्णता बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) साठते, वर इंजिनची गरमी, पुढून वारा नाही. खालच्या सिलेंडरमधल्या जुन्या, पाणी प्यायलेल्या तेलात वाफ धरते, आधीपासून असलेली हवा फुगते. पेडल दाबलं की वाफ दबते, रॉड हलत नाही. मग पेडल खालीच का राहतं? पेडलला एक मदतीची स्प्रिंग असते. अर्ध्या प्रवासानंतर ती पायाला साथ देते, पेडल खाली ओढते. एरवी पाइपातला दाब तिच्यापेक्षा जास्त असतो म्हणून पेडल वर येतं. दाबच नसला की स्प्रिंग जिंकते आणि पेडल जमिनीला चिकटतं. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल-पाणी होतं, पेडल परततं. मोडलेला फोर्क किंवा तुटलेली फिंगर अर्ध्या तासाच्या विश्रांतीने जुळत नाही. तुमच्या प्रश्नातलं हे एकच वाक्य माझ्यासाठी निम्मं निदान होतं.

आता जी तपासणी गॅरेजमध्येच करून घ्यायची आणि जिच्यावर सगळा निवाडा आहे ती. खालचा सिलेंडर बाहेरून बसवलेला असेल तर गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर कोणी खाली शिरायचं नाही), एकाने पेडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्याने सिलेंडरच्या रॉडचा किंवा फोर्कच्या टोकाचा प्रवास पट्टीने मोजायचा. गाडीगणिक आकडा वेगळा, मॅन्युअलमधला घ्यावा. पण रॉड सेंटीमीटरही हलत नसेल, तर हायड्रॉलिककडून पुरेसा धक्काच पोचत नाहीये, गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. उलट रॉड पूर्ण प्रवास करतोय, पंप केला तरी, न केला तरी तेवढाच, आणि तरीही रिव्हर्स किंचाळतोय, तर दोष आत आहे. फोर्क वाकलाय, त्याचा आधाराचा गोळा झिजलाय, बेअरिंग तिरकं झालंय, फिंगर मोडलीय किंवा प्लेट शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) अडकतेय. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पाच मिनिटांची ही मोजणी कुणी करून दाखवत नसेल, तर ‘प्लेट गेली’ हा त्याचा अंदाज आहे, निदान नाही.

हीच वेळ आहे आणखी एक गोष्ट बघायची. बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा आणि मास्टर सिलेंडर स्वतःच पुढे सरकतोय का बघा. फायरवॉलचा पत्रा गंजून किंवा जोड सुटून लवचिक झाला की पेडलचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जातो. जुन्या गाड्यांत, विशेषतः किनारपट्टीच्या, हे दिसतं. पेडलच्या ब्रॅकेटची वेल्डिंग तडकलेली असली तरी परिणाम तोच.

काही गाड्यांत खालचा सिलेंडर बाहेर नसतोच. रिलीज बेअरिंग आणि सिलेंडर एकच गोल भाग, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, बेल हाउसिंगच्या आत. तिथे रॉड दिसत नाही, मोजायला काही नसतं. त्यांच्यात आधी बेल हाउसिंगच्या तळाशी बघा, इंजिनच्या आणि गिअरबॉक्सच्या जोडावर. तिथे तेल दिसलं तर ते कुठलं ते ओळखा: इंजिन ऑइल गुळगुळीत, काळपट, गिअर ऑइलला उग्र वास, ब्रेक ऑइल पातळ आणि पाण्यात सहज विरघळणारं. थेंब पाण्याच्या वाटीत टाकला की कळतं. दुसरा उपाय म्हणजे मास्टर वेगळा पाडून तपासणं. मास्टरच्या तोंडाला बूच लावून पेडल दाबायचं. पेडल दगडासारखं घट्ट राहिलं तर मास्टर चांगला आणि दोष खाली. तरीही बसत गेलं तर मास्टर. रबरी होज चिमट्याने दाबूनही हेच करतात, पण चिमटा गोल जबड्याचा हवा. पक्कड लावून होज आतून फाडून ठेवणारे आहेत, आणि प्लास्टिकचा पाइप असेल तर तो प्रयोग करायचाच नाही.

तुमचा सिलेंडर बाहेरचा निघाला तर काम तासा-दोन तासांचं आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही सिलेंडर एकदम बदला. नुसतं रबर किट टाकणं हा पूर्वीचा चांगला मार्ग होता, अजूनही चालतो, पण सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवा सील महिन्याभरात कापला जातो. नख फिरवून बघायचं. नख अडलं तर किट नको. एक बदलून एक ठेवला तर नव्या सिलेंडरचा पूर्ण दाब जुन्यावर येतो आणि दुसरा लवकरच मान टाकतो.

तेल नवं, सीलबंद डब्यातलं, गाडीच्या टोपणावर लिहिलंय त्याच दर्जाचं. टोपणावर डॉट ३ असेल तर डॉट ४ चालतं, उलट करू नका. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल चुकून जरी ओतलं तरी सगळे सील फुगतात, आणि डबा सामायिक असेल तर ब्रेकही जातात.

मग एअर काढायची. खालच्या सिलेंडरच्या निपलला (हवा काढायच्या बारीक तोटीला) नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. पेडल हळू दाबा, निपल उघडा, बंद करा, मग पेडल वर घ्या. क्रम चुकला, म्हणजे निपल उघडं असताना पेडल वर आलं, की जेवढी हवा काढली तेवढी परत आत. डबा मध्येच रिकामा होऊ द्यायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ज्या गाड्यांत पाइप वर चढून मग खाली येतो तिथे हवा त्या कमानीत अडकते आणि तासभर पंप करूनही पेडल मऊ राहतं. तिथे खालून, निपलमधून मोठ्या सिरिंजने सावकाश तेल वर चढवणं हा खात्रीचा उपाय. हवा मुळात वर जाते, तिला खाली ढकलत बसण्यात अर्थ नाही. आणि घाई नसेल तर डबा भरून, निपल थोडं सैल करून तेल आपोआप ठिबकू द्या. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं.

मास्टर बदलल्यावर एक बारीक गोष्ट राहून जाते. पेडलचा रॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात किंचित सैलपणा लागतो, पेडलवर काही मिलिमीटर जाणवेल इतका. रॉड लांब करून ‘पेडल वर आणलं’ की मालक खूश होतो, पण पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डब्याकडे जाणारं भोक बंदच राहतं. गरम झालं की तेल फुगतं, जायला वाट नाही, आणि क्लच आपोआप अर्धवट दाबलेला राहतो. मग आठवड्याभरात गाडी स्लिप व्हायला लागते आणि सगळे म्हणतात, बघा, प्लेटच गेली होती.

केबलवाल्यांसाठी थोडक्यात. मारुती ८००, ओम्नी, ऑल्टो, वॅगन आर अशा गाड्यांत तेल नाही, पोलादी केबल आहे. तिथे पेडलच्या सुरुवातीला मोकळी हालचाल असायलाच हवी. प्लेट झिजली की ही मोकळीक कमी होत जाते आणि क्लच अगदी वर पकडतो; केबल ताणली की मोकळीक वाढते आणि क्लच तळाशी पकडतो. म्हणजे एकच नट फिरवून दोन्ही ‘दुरुस्त’ करता येतं, पण कोणत्या बाजूला फिरवावा लागतोय ते लक्षात ठेवा. दर काही महिन्यांनी सैल करावा लागत असेल तर प्लेट संपत आलीय. घट्ट करावा लागत असेल तर केबल बघा. पेडल दाबताना पायाला करकर जाणवली, किंवा कधी जड कधी हलकं, तर केबलच्या आतल्या तारा एकेक तुटतायत. पेडलच्या टोकाला वाकून पाहिलं तर सुटलेल्या तारांची दाढी दिसते. मग वाट बघू नका, केबल तुटते ती कायम गर्दीत.

जड पेडलचं वेगळं. अचानक जड झालं तर केबल, पेडलची मदतीची स्प्रिंग किंवा आतून सुजलेली होज. वर्ष-दोन वर्षांत सावकाश जड होत गेलं तर प्लेट झिजून फिंगर्सचा कोन बदललाय किंवा बेअरिंग आपल्या नळीवर कोरडं घासतंय. तिथे प्लेटवर संशय घ्यायला जागा आहे.

आवाजाचं गणित असं: पेडल दाबल्यावर सुरू होणारी घरघर रिलीज बेअरिंगची. पेडल सोडलेलं असताना न्यूट्रलवर येणारी आणि दाबल्यावर बंद होणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. इंजिन बंद असतानाही चूंचूं करतं ते पेडलचं बुश, दहा रुपयांच्या ग्रीसने गप्प होतं.

कोकणातल्या किंवा पावसाळ्यात महिना-दोन महिने गाडी उभी ठेवणाऱ्या लोकांची तक्रार अशी असते की पेडल एकदम नीट लागतं, पण गिअर अजिबात पडत नाही. तिथे प्लेट ओलीने गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटलेली असते. पेडल, सिलेंडर, केबल सगळं ठीक. इंजिन आधी चांगलं गरम करून बंद करा, मोकळ्या मैदानात दुसरा गिअर टाका, क्लच दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. गाडी लगेच पुढे निघेल हे गृहीत धरून स्टीअरिंग सांभाळा. चालताना क्लच दाबलेलाच ठेवून अॅक्सिलरेटर झटक्याने दाबा-सोडा. बहुतेक वेळा ‘टक’ होऊन सुटते. दोन-चारदा सुटली नाही तर हट्ट सोडा, प्लेटचं अस्तर उखडतं.

प्लेटचा खरा तपास करायचा असेल तर मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला चौथा किंवा पाचवा गिअर टाकून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट स्लिप होतेय. इंजिन आणि वेग बरोबर चढले तर प्लेट जिवंत आहे. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का बघायचा जो प्रयोग सर्रास करतात, तो एकदा ठीक, पण पाच जणांना दाखवायला पाच वेळा करू नका, चांगली प्लेट तिथेच करपते.

तुमची गाडी या परीक्षेत पास झाली आणि तरी रॉडचा प्रवास पूर्ण असल्याने गिअरबॉक्स उतरवावा लागला, तर मग काटकसर नको. मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचा असतो. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र बदला, सिलेंडर आतला असेल तर तोही, कितीही चांगला दिसला तरी. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे असतील तर त्याचा निर्णय तिथेच घ्या. क्रँकचा मागचा सील ओला असेल तर नवा टाका, नाहीतर नव्या प्लेटवर तेल येऊन गाडी सुटताना थरथरेल. स्प्लाइनवर ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर बसतं. आणि काढलेली जुनी प्लेट डोळ्यांनी बघा: रिव्हेटच्या डोक्यापर्यंत अस्तर किती उरलंय ते मोजून घ्या. भरपूर उरलं असेल तर तुमच्या तक्रारीचं कारण तिथे नव्हतं.

तोवर गाडी चालवायचीच असेल तर शहरात सपाट रस्त्यावर, घाट टाळून. बोनेटमध्ये पातळी रोज बघा. वाटेत पेडल पुन्हा खाली राहिलं तर गाडी डावीकडे घ्या, पेडल पायाने उचलून सावकाश दहा-बारा वेळा पूर्ण वर-खाली करा. दाब आला तर तसंच जवळच्या गॅरेजपर्यंत. नाहीच आला तर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकून स्टार्टरवर गाडी काढता येते, पण ते मोकळ्या रस्त्यावर, समोर कोणी नसताना, आणि फक्त धोक्याच्या जागेतून बाजूला होण्यापुरतं. डबा ब्रेकशी सामायिक असेल आणि त्यात तेल तळाला गेलं असेल तर तेही नाही, टो करा.

गॅरेजमध्ये ‘क्लच बघा’ असं सांगू नका. सांगा: मॅट काढून तपासलंय, आता रॉडचा प्रवास माझ्यासमोर मोजा, मास्टर आणि खालच्या सिलेंडरची गळती दाखवा, ब्रेकसकट सगळं तेल बदला, एअर काढा, आणि गिअरबॉक्स मला विचारल्याशिवाय सोडवू नका. मोजमापाचा आकडा आणि तेलाचा रंग कळवलात तर पुढचं सांगता येईल.